तिवर बघायला जाताना: खाडीत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

खारफुटीबद्दल वाचून गेलेल्या माणसाला तीन गोष्टी पाठ असतात: श्वास घेणारी मुळं, मीठ टाकणारी पानं आणि झाडावरच रुजणारं बी. खाडीवर पोचल्यावर मात्र त्याला दिसतं ते गढूळ पाणी, त्यात उभी हिरवी झुडपं आणि भरपूर डास. मुळं पाण्याखाली, मीठ दवात विरघळलेलं, बी फळात लपलेलं. मग तो दोन फोटो काढून परत येतो.

असं होऊ नये म्हणून हा लेख. यात एकच झाड घेतलंय: तिवर, शास्त्रीय नावाने ॲव्हिसेनिया मरीना. राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला मान मिळाला, पण शिकायला तिवरच बरं. आपल्या किनाऱ्यावर ते भरपूर आहे, मुंबई-ठाण्याच्या सांडपाणी येणाऱ्या खाड्यांतही तग धरून आहे. त्यामुळे रेल्वे स्टेशनपासून फार लांब न जाताही ते भेटतं.

जायच्या आधी एक क्रम डोक्यात ठेवा. आधी झाडाची अडचण बघायची, मग त्याने काढलेली वाट. चिखलात हवा नाही हे नाकाने आणि काठीने कळलं, की वर आलेल्या मुळांचा अर्थ आपोआप लागतो. उलट क्रमाने गेलात तर ती नुसती चिखलातली टोकं राहतात.

१. आधी तिथी बघा, मग वार

रविवार मोकळा आहे म्हणून रविवारी निघणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. खाडी भरतीच्या वेळेवर चालते. मुळं बघायची तर सुकती हवी, म्हणजे ओहोटीचं पाणी पार उतरलेलं असायला हवं.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी सुकती.

सकाळी नऊ-साडेदहाला पाणी उतरलेलं हवं असेल तर चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठी धरा. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमाराला, म्हणजे सुकती साडेनऊ-दहाला. ऊन डोक्यावर येण्याआधी काम उरकतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पाणी खूप खाली जातं, पण सुकती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येते, आणि परत फिरलेलं पाणी वेगाने चढतं. पहिल्या खेपेला उधाण टाळा.

हा हिशेब अंदाजाचा आहे. प्रत्येक बंदराची वेळ थोडी पुढे-मागे असते आणि खाडीच्या आत, समुद्रापासून लांब, पाणी उशिरा पोचतं. म्हणून दिवस तिथीवरून ठरवा आणि नेमकी वेळ छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा. त्याहून उत्तम म्हणजे जवळच्या कोळीवाड्यात विचारा. तिथे त्या खाडीची वेळ तोंडपाठ असते.

सुकतीच्या दीड-दोन तास आधी पोचा. पाणी उतरत असताना काम करा आणि ते फिरलं की तुम्हीही फिरा.

२. जागा आणि परवानगी

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला राज्यभर मनाई केली, २०१८ च्या निकालाने ती कायम केली. सरकारी जमिनीवरची बरीच खारफुटी आता वन म्हणून अधिसूचित आहे आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष तिची देखरेख करतो. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच: बघा, मोजा, फोटो काढा, तोडू नका, उपटू नका, ‘एकच फांदी’ घरी आणू नका.

पहिली खेप बांधीव वाटेवरून किंवा होडीतून करा. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, ठाणे खाडीच्या काठालाच. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. फ्लेमिंगो बघायला होडीत बसणारे तिवराकडे पाठ करून बसतात. तुम्ही उलटे बसा. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्थानिक महिलांचा बचत गट कांदळवनातून होडीची सफर घडवतो. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे तिवराच्या भाऊबंदांशी तुलना करायची छान सोय आहे.

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण ऐनवेळी शोधाशोध नको:

- ओळखपत्र आणि त्याची एक झेरॉक्स
- शाळा-कॉलेजचा गट असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र: किती जण, कोणती तारीख, काय बघणार
- अभयारण्यात किंवा खासगी जागेत जायचं असेल तर लेखी परवानगी, काही दिवस आधी मागितलेली
- कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का, सुट्टीचा वार कोणता, हे फोनवर विचारून घेतलेलं

३. पिशवीत काय

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सें.मी.ची पट्टी, शिंप्याची टेप, दोन मीटर सुतळी, चार काड्या, वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते. पिण्याचं पाणी गरजेपेक्षा एक बाटली जास्त घ्या, ती पुढे प्रयोगाला लागेल. रंगीत सुती दोरा. मऊ फडकं. डासांचं मलम, तेही लांब बाह्यांच्या शर्टासोबत.

पायात काय घालायचं यावर दुमत असेल, पण माझं मत स्पष्ट आहे: गमबूट नको. खोल चिखलात तो रुततो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. जुने, नाडी घट्ट बांधता येणारे कॅनव्हासचे बूट उत्तम. अनवाणी तर मुळीच जाऊ नका. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यात शहरातल्या खाडीत काचाही असतात.

एकट्याने जाऊ नका.

४. हे तिवरच कशावरून?

सगळ्यात सोपी खूण पानाच्या पाठीवर आहे. पानं समोरासमोर जोडीने येतात, वरून हिरवी तुकतुकीत, खालून करडी-पांढरी. वाऱ्याने फांद्या हलल्या की लांबूनसुद्धा झाड रुपेरी दिसतं. पानाचं टोक निमुळतं. साल फिकट, पातळ पापुद्रे सुटणारी.

घोळ होतो तो सख्ख्या भावंडाशी, ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिसशी. त्याच्या पानाचं टोक गोलसर असतं, पाठ पिवळट, फुलं बरीच मोठी. कोकणात दोघांनाही तिवरच म्हणतात, तेव्हा गावकऱ्यांनी ‘हे तिवर’ म्हटलं तरी पान उलटून बघा.

चिप्पीचीही मुळं चिखलातून वर येतात, पण ती बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळती असतात. फळ हिरवं, गोल, खाली चांदणीसारखी निदलं (फुलाची बाहेरची दलं) चिकटलेली. कांदळ तर लांबूनच कळतो, खोडापासून कमानीसारखी मुळं खाली उतरतात.

आणखी एक झाड ओळखून ठेवा, ते दूर राहण्यासाठी: हुरा, काही ठिकाणी गेवा म्हणतात. त्याचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, कातडीवरही फोड येतात. ओळख पटेपर्यंत कुठल्याच झाडाची पानं चुरगाळू नका.

ओळखीसाठी आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राण्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) फोटो टाकणार असाल तर एक फोटो पुरत नाही. पानाची वरची बाजू, पाठ, साल, बुंध्याभोवतीची मुळं आणि असतील तर फुलं-फळं, असे वेगवेगळे फोटो द्या. नुसत्या हिरव्या झुडपाच्या फोटोवरून कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही.

५. अडचण बघा: चिखल

झाडाला हात लावण्याआधी काठी घ्या आणि मोकळ्या चिखलात वीतभर खुपसून काढा. वरचा पातळ थर तपकिरी, खालचा काळा. काठीला सडक्या अंड्याचा वास येईल. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, हवा नसलेल्या चिखलात राहणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेला. शहरातल्या खाडीत सांडपाण्याचा वास त्यात मिसळतो, पण अगदी स्वच्छ खाडीतसुद्धा हा वास येतोच. ‘खाडी घाण आहे’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका.

आता खेकड्याच्या बिळाच्या कडेचा चिखल बघा. तिथे काळ्यात तांबूस-तपकिरी कड दिसेल. बिळातून हवा आत गेली, तिथल्या लोहाचा रंग बदलला. म्हणजे चिखलात हवा कुठे पोचते याचा नकाशा रंगात काढलेला आहे. हे एकदा डोळ्यांना दिसलं की पुढचं पाऊल सोपं.

६. मुळं

तिवराची मुळं खोल जात नाहीत. बुंध्यापासून ती चिखलाखालून आडवी, सगळ्या बाजूंना पसरतात आणि त्यांच्यावरून पेन्सिलीएवढी उभी टोकं हवेत येतात. हीच श्वसनमुळं. पहिल्या नजरेत ती विस्कटलेली वाटतात. खाली बसून, डोळे त्यांच्या उंचीला आणून बघा: ती रांगेत आहेत. एक रांग म्हणजे खाली एक आडवं मूळ. रांग पकडून मागे मागे या, झाडाच्या बुंध्याशी पोचता. मात्र आडवी मुळं काही मीटर लांब जातात, त्यामुळे तुमच्या झाडाजवळ उभी असलेली टोकं शेजाऱ्याचीही असू शकतात. रांग धरल्याशिवाय मालक ठरवू नका.

भिंगातून एका मुळावर फिकट, किंचित उठलेले ठिपके दिसतील. हवा त्यांतून आत जाते. मुळाच्या आतला गाभा पोकळ्यांनी भरलेला आहे, त्यातून ती खाली उतरते. भरतीला मुळं बुडली की आतला प्राणवायू खर्च होत राहतो आणि आतला दाब कमी होतो. पाणी उतरताच बाहेरची हवा आत ओढली जाते. १९५५ मध्ये शास्त्रज्ञ शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या खारफुटीच्या मुळांवरची छिद्रं ग्रीसने बंद करून दाखवलं, की मग चिखलाखालच्या मुळांतला प्राणवायू घटत जातो. आपण ग्रीस लावायचं नाही, पण पुढचं मोजमाप करता येईल.

चार काड्या आणि सुतळीने ५० सें.मी. बाजूचा चौकोन आखा. आतली मुळं मोजा, चारने गुणा, म्हणजे चौरस मीटरचा आकडा मिळेल. त्यातल्या कोणत्याही दहांची उंची मोजा. एक चौकोन बुंध्याजवळ, दुसरा पाण्याच्या कडेला. तुडुंब भरणाऱ्या सखल जागी आणि उंचवट्यावर उंचीत काही फरक पडतो का, ते बघा.

चालताना मुळांवर पाय पडतोच, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे, तुम्हाला नव्हे, झाडाला. ती पटकन मोडतात. मच्छीमारांची मळलेली वाट असेल तर तीच धरा, चौकोन वाटेच्या कडेलाच आखा. दहाजणांचा गट असेल तर दोघांनीच आत जावं.

मुळांवर चिकटलेले शिंपले, शेवाळ, मधूनच उड्या मारणाऱ्या निवट्या (चिखलातले मासे), एक नांगी वेडीवाकडी मोठी असलेले खेकडे, हे सगळं खरंच फार गमतीचं असतं आणि वेळ खातं. त्यांना वहीत वेगळं पान द्या.

मुळांभोवती प्लास्टिक गुंडाळलेलं किंवा डेब्रिज टाकलेलं दिसेल. भराव पडून मुळं गाडली गेली किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, की कुऱ्हाड न लावता झाड उभ्या उभ्या वाळतं. असं दिसलं तर ठिकाण आणि तारखेसह फोटो काढून वनविभागाकडे द्या. डंपरवाल्याशी जागेवर हुज्जत घालू नका.

७. पानं आणि मीठ

तिवर बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवतं. जे आत येतं, ते पानांवरच्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘पान चाटून बघा, खारट लागेल.’ लागेल खरं, पण शहरातल्या खाडीत हे करू नका. भिंग पुरेसं आहे.

यासाठी पावसाळा सोडून जा. डिसेंबर ते मे बरा. वेळही महत्त्वाची: पहाटे दमट हवेत मीठ पाणी धरून ठेवतं, तेव्हा पानावर बारीक थेंब दिसतात, दुपारी तेच वाळून चकचकीत कण होतात. सकाळी ‘मीठ नाही’ असं लिहून गेलेले लोक दुपारी आले असते तर वेगळं लिहिलं असतं.

इथला मोठा सापळा म्हणजे खाडीचं पाणी उडून वाळलं तरी पानावर मीठ दिसतं. मग ते झाडाने टाकलं की लाटेने? त्यासाठी हा साधा प्रयोग, तुम्हाला दुसऱ्या दिवशी परत येता येत असेल तर:

- खालच्या पानांवर भरतीच्या गाळाची रेघ शोधा. तिच्या बऱ्याच वरची, हाताला येणारी पाच-सहा पानं निवडा.
- देठाला रंगीत दोरा सैल बांधा.
- पिण्याच्या पाण्याने दोन्ही बाजू धुवा, फडक्याने हलकेच टिपा.
- जवळ कांदळ असेल तर त्याचीही तेवढ्याच उंचीवरची पानं तशीच धुवून ठेवा. कांदळाला अशा ग्रंथी नसतात.
- दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगाने बघा. तिवरावर कण आणि कांदळ स्वच्छ, तर उत्तर मिळालं. दोन्हीवर कण, तर वाऱ्याने उडालेलं पाणी आलंय. आणखी आतलं झाड घ्या.
- दोरे सोडून परत आणा.

पानाची पाठ भिंगाखाली धरली तर करडा रंग म्हणजे दाट बारीक लव आहे हे कळतं. पानाची रंध्रं या लवेखाली दडलेली असतात, त्यामुळे वाऱ्याने पाणी कमी उडतं. पायाशी एवढं पाणी असून झाड पाण्याची काटकसर का करतं, हा प्रश्न वहीत लिहा. खारं पाणी गोडं करून घेणं झाडाला महाग पडतं, एवढा इशारा देतो.

वहीत दोन रकाने करा: ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. याची गरज पिवळ्या पानांपाशी कळते. खारफुटीची जुनी पानं जादा मीठ साठवून गळतात, असं सरसकट सांगितलं जातं. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. तुमच्या वहीत ‘फांदीवरची सगळ्यात जुनी दोन पानं पिवळी’ हे पहिल्या रकान्यात आणि मिठाची गोष्ट दुसऱ्यात.

हे पान जनावरांनाही आवडतं. कच्छमधले खाराई उंट पोहत जाऊन तिवर खातात. कोकणात शेळ्यांचं तोंड पोचतं तिथवरच्या फांद्या बोडक्या दिसल्या, तर तो झाडाचा गुण समजू नका.

८. फूल, फळ आणि आतलं रोप

उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना छोट्या केशरी-पिवळ्या फुलांचे गुच्छ येतात. चार पाकळ्या, मंद गोड वास, भोवती मधमाश्या. पावसाळ्यात फळं: चपटी, करडी-हिरवी, एका बाजूला जरा टोकदार.

कांदळाची लांब हिरवी शेंगेसारखी रोपं झाडावरच लोंबताना दिसतात, सगळे त्यांचाच फोटो काढतात. तिवराचंही बी झाडावरच रुजतं, पण फळाच्या सालीच्या आत. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून जमिनीवर पडलेलं एखादं फळ तिथेच खाडीच्या पाण्याच्या भांड्यात टाका. साल भिजून सुटली की दुमडलेली दोन जाड, हिरवी बीजपत्रं उघडतात आणि मधून मुळाचं टोक दिसतं. बी नव्हे, तयार रोपच खाली पडलेलं असतं. भरती त्याला उचलून नेते, साल सुटली आणि चिखल लागला की ते झटपट मूळ धरतं. साल सुटेपर्यंत थांबायला वेळ नसला तर भरतीच्या रेघेला साचलेल्या कचऱ्यात शोधा. साल असलेलं, सुटलेलं आणि मूळ धरलेलं, अशा सगळ्या अवस्था शेजारी शेजारी सापडतात.

९. एकाच जातीची दोन झाडं

एक झाड खाडीच्या अगदी कडेचं घ्या, दुसरं आत, जिथे पाणी फक्त उधाणाला पोचतं आणि उन्हाने माती पांढरी पडते. कडेचं उंच, आतलं कंबरेएवढं खुजं असण्याची शक्यता मोठी. आत पाणी वाळून मीठ साचतं, कडेला रोजची भरती ते धुऊन नेते. दोघांची उंची अंदाजाने, बुंध्याचा घेर टेपने आणि प्रत्येकी दहा पानांची लांबी पट्टीने नोंदवा.

खुजं म्हणजे लहान वयाचं, असं लिहू नका. घेरावरूनही वय सांगता येत नाही. तिवराचं खोड नेहमीच्या झाडांसारखं वर्षाला एक वलय धरत नाही, त्यामुळे कापलेला ओंडका हाती लागला तरी वलयं मोजून वय काढण्याचा उपयोग नाही.

१०. परत त्याच झाडाकडे

झाडाला खिळा ठोकून पाटी लावू नका. मोबाइलवर ठिकाण साठवा आणि ठरावीक जागेवरून, ठरावीक दिशेने फोटो काढा. महिन्यातून एकदा पुरे, तिथी साधारण तीच धरा म्हणजे पाण्याची पातळी जुळते. नोंद छोटी: तारीख, तिथी, वेळ, पाणी कुठवर, कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं, पडलेली फळं.

पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, मुंबईच्या खाड्यांत कधी कधी अख्खा पट्टा तपकिरी पडलेला दिसतो आणि ‘विष टाकलं’ म्हणून फोटो फिरायला लागतात. आधी पानं जवळून बघा. शिरा उरलेल्या, बाकी पान खाल्लेलं आणि धाग्यांना लोंबणाऱ्या अळ्या दिसल्या, तर ते हिब्लिया प्युएरा पतंगाचं काम. हीच अळी सागाचीही पानं खाते. त्या महिन्यात एकदाच जाण्याऐवजी दर पंधरवड्याला जा आणि बोडक्या फांद्यांच्या टोकांचा फोटो काढा. नवी पालवी कोणत्या तारखेला दिसली ते ‘दिसलं’च्या रकान्यात लिहा.